पत्ता खरा, तरी पडताळणी नापास: दोष नेमका कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढे पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचा गेटवे (बाहेरून येणारा मेल आधी घेणारं यंत्र) आणि मागे मेलबॉक्स असलेला आतला सर्व्हर. अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यांवर येणारा कचरा दारातच अडवावा म्हणून गेटवेवर 'रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रिसिपियंट' लावलं. कचरा थांबला, पण खऱ्या माणसांचे मेलही अडायला लागले. कुणाला ४५० (तात्पुरता नकार) मिळतो, कुणाला ५५० (कायमचा नकार). एकच पत्ता सकाळी नापास होतो आणि दुपारी आपोआप पास होतो. हाताने टेलनेट करून, म्हणजे थेट जोडणी करून आदेश स्वतः टाइप करून पाहिलं तर आतला सर्व्हर निमूटपणे '२५० ओके' म्हणतो. मग पडताळणी का बिघडते?

(आज्ञा आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत लिहितो आहे. फाइलीत ती अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत असतात.)

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण बहुतेकांचा शोध तिथेच चुकतो. 'हा पत्ता खरा आहे का' असं पोस्टफिक्स कुणालाच विचारत नाही, कारण असा प्रश्न विश्वासाने विचारायची सोय एसएमटीपीमध्ये, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिच्यात, उरलेली नाही. त्यासाठी 'व्हीआरएफवाय' नावाचा आदेश होता आणि कागदावर अजूनही आहे, पण स्पॅमवाले त्यावरून पत्ते गोळा करतात म्हणून बहुतेक ठिकाणी तो बंद असतो किंवा '२५२' असं गुळमुळीत उत्तर देतो. म्हणून पोस्टफिक्स काय करतं, तर मेल पाठवण्याचं सोंग घेतं. एक पोकळ संदेश तयार करतं आणि तो नेहमीच्या मेलसारखा क्लीनअप, क्यू मॅनेजर, एसएमटीपी क्लायंट या वाटेने सोडतं. समोरच्या सर्व्हरशी बोलणं 'आरसीपीटी टू' (मेल कुणाला द्यायचा ते सांगणारा आदेश) पर्यंत नेतं, त्याला मिळालेलं उत्तर टिपून घेतं आणि मजकूर न देताच निघून येतं. या पोकळ संदेशाला प्रोब म्हणतात. उत्तर 'व्हेरिफाय' नावाच्या डीमनकडे (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामकडे) जातं आणि तो ते कॅशमध्ये लिहून ठेवतो. मी त्या कॅशला वही म्हणतो, कारण ती खरोखर तशीच वागते.

म्हणजे 'पडताळणी नापास' याचा अर्थ 'पत्ता खोटा' असा नाही. त्याचा अर्थ एवढाच: तुमच्या गेटवेने, त्याच्या आयपीवरून, त्याच्या नावाने, एका विशिष्ट पाठवणाऱ्याचं नाव सांगून, एका विशिष्ट क्षणी विचारलं तेव्हा सर्वांत जवळच्या सर्व्हरने नाही म्हटलं. ते 'नाही' कशालाही असू शकतं. गेटवेचा आयपी आवडला नाही, हेलो (जोडणीच्या सुरुवातीला गेटवे स्वतःचं जे नाव सांगतो ते) आवडला नाही, पाठवणारा आवडला नाही, तरी पोस्टफिक्स शिक्का मारणार तो पत्त्यावरच. चोर सोडून संन्याशाला फाशी. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या दस्तऐवजांत हे लिहिलेलं आहे आणि वर मिश्कीलपणे अशी पुस्तीही जोडली आहे की ही मर्यादा नाही, पण कुणाला मर्यादा वाटली तर असावं म्हणून नोंदवतो. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो. नंतर रात्री दोन वाजता आठवली तेव्हा हसू आलं नाही.

तेव्हा पत्ता बाजूला ठेवा आणि कोणी विचारलं, कोण म्हणून विचारलं, केव्हा विचारलं आणि अक्षरशः काय उत्तर मिळालं, हे शोधा.

लॉगपासून सुरुवात करू. नकाराची ओळ साधारण अशी दिसते: 'नोक्यू: रिजेक्ट: आरसीपीटी फ्रॉम अमुक: ४५० ४.१.१ रिसिपियंट ॲड्रेस रिजेक्टेड: अनव्हेरिफाइड ॲड्रेस: ॲड्रेस व्हेरिफिकेशन इन प्रोग्रेस'. किंवा अशी: 'रिसिपियंट ॲड्रेस रिजेक्टेड: अनडिलिव्हरेबल ॲड्रेस: होस्ट अमुक सेड: ५५० ५.१.१ यूजर अननोन'. लोक पहिला आकडा बघून थांबतात. खरी माहिती मधल्या शब्दात आहे. 'अनव्हेरिफाइड' म्हणजे निकाल अजून लागलेला नाही: प्रोब वाटेत आहे, किंवा त्याला तात्पुरती अडचण आली. 'अनडिलिव्हरेबल' म्हणजे प्रोब पोचला आणि त्याला ठाम नकार मिळाला. या दोन आजारांचं औषध वेगळं आहे, म्हणून लॉग गाळताना मी आधी याच दोन शब्दांवर दोन ढीग करतो.

पहिल्या आकड्याबद्दल एक गोष्ट तुमच्याच प्रश्नातून दिसते. पोस्टफिक्स मुळात ठाम नकारालाही ४५०च देतं. तुमच्याकडे ५५० दिसतोय, याचा अर्थ कुणीतरी 'अनव्हेरिफाइड_रिसिपियंट_रिजेक्ट_कोड' बदलून ५५० केला आहे. बदल चुकीचा नाही, पण तो घाईने केला. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता नकाराच्या ओळीत जे दिसतं ती बातमी आहे. मूळ घटना प्रोबच्या स्वतःच्या ओळींत आहे, आणि त्या बहुतेक जण बघतच नाहीत. लॉगमध्ये 'डबल-बाउन्स' शोधा. 'फ्रॉम=डबल-बाउन्स' असलेली क्यू मॅनेजरची ओळ सापडेल. तिचा क्यू आयडी धरून पुढे गेलात की एसएमटीपी क्लायंटची ओळ येते: टू, रिले, डिले, डीएसएन आणि शेवटी 'स्टेटस=डिलिव्हरेबल' किंवा 'स्टेटस=अनडिलिव्हरेबल'. इथे रिलेच्या पुढे कुठल्या यंत्राचा कुठला आयपी आहे ते नीट वाचा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं. प्रोब भलत्याच यंत्राकडे गेलेला असतो: जुन्या एमएक्सकडे (डोमेनचा मेल घेणाऱ्या यंत्राकडे), किंवा ट्रान्सपोर्ट टेबलात (कुठल्या डोमेनचा मेल कुठे द्यायचा त्या यादीत) ओळ नसल्यामुळे उलट बाहेरच्या जगाकडे.

मग कंसातलं उत्तर. ५.१.१ असेल आणि मजकूर 'असा यूजर नाही' असाच असेल, तर बहुधा पत्ता खरंच नाही, किंवा आतल्या सर्व्हरला त्याचं उपनाव माहीत नाही. ५.७.१ किंवा 'रिले ॲक्सेस डिनाइड', 'क्लायंट होस्ट रिजेक्टेड' असं काही असेल तर पत्त्याचा काही संबंध नाही; आतला सर्व्हर तुमच्या गेटवेलाच ओळखत नाही. ४.७.१ आणि 'थोड्या वेळाने या' असं असेल तर तिकडे ग्रेलिस्टिंग आहे, म्हणजे अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दाम परत धाडणं. गेटवे आणि आतला सर्व्हर यांच्यामध्ये ग्रेलिस्टिंग ठेवण्यात काही अर्थ नाही. तिथे गेटवेला सूट द्या आणि विषय संपवा. 'नेम सर्व्हिस एरर' असेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधणाऱ्या यंत्रणेचा. इथे एक जुनी खोड आहे: लिनक्सच्या काही वितरणांत पोस्टफिक्सचे डीमन क्रूटमध्ये, म्हणजे डिस्कच्या एका बंदिस्त कोपऱ्यात चालतात आणि त्या क्रूटच्या आत 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ'ची (कुठल्या नेमसर्व्हरला विचारायचं ते सांगणाऱ्या फाइलीची) जुनी प्रत पडून असते. बाहेरून 'डिग'ने नाव शोधलं की सगळं ठीक, आत मात्र पोस्टफिक्स बंद पडलेल्या नेमसर्व्हरला हाका मारत बसलेलं.

सगळ्यात जास्त लोकांना चकवणारा नकार म्हणजे ४.१.८, 'सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड: डोमेन नॉट फाउंड'. सेंडर? आपण तर रिसिपियंट तपासत होतो! पण प्रोबलाही पाठवणारा लागतो. पोस्टफिक्स २.५ पासून तो 'डबल-बाउन्स' आणि पुढे 'मायओरिजिन'मधलं डोमेन असा असतो. त्याआधी तो पोस्टमास्टर असायचा. आता 'मायओरिजिन' बदललेलं नसेल तर ते यंत्राचंच नाव असतं, आणि यंत्राचं नाव पुष्कळदा 'गेटवे१ डॉट लोकल' असलं काहीतरी असतं, जे जगाच्या डीएनएसमध्ये कुठेच नाही. समोरचा सर्व्हर म्हणतो, असं डोमेनच नाही, मी मेल कसा घेऊ? तो त्याच्या जागी बरोबर आहे. नेहमीचे मेल मात्र व्यवस्थित जातात, कारण त्यांवर माणसांचे खरे पत्ते असतात. म्हणून कुणाला संशयही येत नाही. 'पोस्टकॉन्फ' चालवून 'मायओरिजिन' आणि 'ॲड्रेस_व्हेरिफाय_सेंडर' या दोन किमती बघा. तिथे डीएनएसमध्ये सापडणारं, मेल स्वीकारणारं डोमेन पाहिजे.

काही जण इथे शॉर्टकट म्हणून पाठवणारा रिकामाच ठेवतात. नियमाप्रमाणे रिकामा पाठवणारा प्रत्येकाने स्वीकारायला हवा, कारण बाउन्स, म्हणजे 'मेल पोचला नाही' अशा सूचना, त्याच नावाने येतात. पण नियम न पाळणारे सर्व्हर आहेत, आणि तसा एखादा भेटला की त्या डोमेनचा प्रत्येक पत्ता नापास. आतला सर्व्हर तुमच्याच ताब्यात असेल तर चालेल. बाहेरच्यांसाठी मी तसं ठेवत नाही.

आता तुमच्या टेलनेटबद्दल. 'हाताने पाहिलं तर चालतं' हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की त्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठून पाहिलं? आपल्या टेबलावरच्या संगणकावरून, आपला स्वतःचा पत्ता पाठवणारा म्हणून टाकून? मग ती वेगळीच परीक्षा झाली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. परीक्षा गेटवेवर बसून घ्यायची. गेटवेला एकापेक्षा जास्त आयपी असतील तर पोस्टफिक्स ज्या आयपीवरून बाहेर पडतं तोच वापरायचा. हेलोमध्ये 'एसएमटीपी_हेलो_नेम'ची किंमत द्यायची. 'मेल फ्रॉम'मध्ये तोच डबल-बाउन्सवाला पत्ता. आणि जोडणी टीएलएसची (कूटबद्ध) असेल तर टीएलएसनेच, कारण काही सर्व्हर टीएलएसशिवाय आणि टीएलएससह वेगळं वागतात.

टीएलएससाठी 'ओपनएसएसएल एस_क्लायंट' वापरणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. त्यात ओळीच्या सुरुवातीला रोमन मोठा 'आर' टाइप केला की तो आदेश म्हणून समोर जात नाही. एस_क्लायंट तो स्वतःसाठीची खूण समजतो आणि टीएलएसची वाटाघाट नव्याने सुरू करायला जातो. 'आरसीपीटी' मोठ्या अक्षरांत लिहिलं की जोडणी विचित्र वागते आणि माणूस समोरच्या सर्व्हरवर संशय घेतो. छोट्या अक्षरांत लिहा, किंवा '-क्वाएट' द्या. त्यापेक्षा 'स्वाक्स' हे साधन बरं: पाठवणारा, हेलो, स्थानिक आयपी सगळं सांगता येतं आणि 'आरसीपीटी'नंतर थांब असंही सांगता येतं.

'सेंडमेल -बीव्ही' हाही एक मार्ग आहे. पोस्टफिक्स खरा प्रोब पाठवतं आणि निकाल तुम्हाला मेलने कळवतं. पण त्यात पाठवणारे तुम्ही असता, डबल-बाउन्स नाही. म्हणजे ४.१.८ची भानगड असेल तर इथे सगळं हिरवंगार दिसेल. मी तो फक्त मेलचा मार्ग तपासण्यासाठी वापरतो: उपनाव कुठे उलगडलं, कुठल्या ट्रान्सपोर्टने गेलं.

'सकाळी नापास, दुपारी पास' यावर माझ्याकडचाच एक अनुभव सांगतो, कारण तुमची लक्षणं त्याच्याशी फार जुळतात. एका ठिकाणी हीच रचना होती. एके दिवशी आतल्या सर्व्हरला आयपीव्ही६चा पत्ता मिळाला आणि डीएनएसमध्ये त्याच्या नावापुढे जुन्या आयपीव्ही४ शेजारी नवी नोंद आली. कुणी कुणाला सांगितलं नाही. आतल्या सर्व्हरच्या परवानगीच्या यादीत गेटवेचा फक्त आयपीव्ही४ होता. आता पोस्टफिक्स २.८ पासून 'एसएमटीपी_ॲड्रेस_प्रेफरन्स'ची मूळ किंमत 'एनी' आहे, म्हणजे दोन्ही प्रकारचे आयपी असले तर कधी हा आधी, कधी तो. प्रोब आयपीव्ही४ने गेला तर पास. आयपीव्ही६ने गेला तर ५५४, 'क्लायंट होस्ट रिजेक्टेड'. आणि तो नकार 'आरसीपीटी'च्या वेळी ठामपणे मिळाल्यामुळे पोस्टफिक्स दुसरा आयपी करून बघत नाही. निकाल लागला, पत्ता अनडिलिव्हरेबल.

तरी बहुतेक जुन्या लोकांना काहीच त्रास नव्हता. त्रास होता तो नव्याने रुजू झालेल्यांना, आणि ज्यांना क्वचितच बाहेरून मेल येतो अशांना. यामुळे आम्ही तीन दिवस यूजर खात्यांमध्ये फरक शोधत बसलो. नवीन खाती कशी बनवली, कोणत्या गटात टाकली, कुणी बनवली. सगळं व्यर्थ. कारण वहीत होतं.

वही कशी चालते ते एकदा समजून घेतलं की असले अर्धे गूढ प्रश्न सुटतात. पास झालेली नोंद ३१ दिवस टिकते आणि ७ दिवसांनी तिची फेरतपासणी होते. नापास नोंद ३ दिवस टिकते आणि ३ तासांनी फेरतपासणी होते. फेरतपासणी म्हणजे नोंद पुसणं नव्हे. फेरतपासणीची वेळ उलटल्यावर त्या पत्त्यावर पहिला मेल येतो तेव्हा पोस्टफिक्स त्याला जुनाच निकाल ऐकवतं आणि मागून नवा प्रोब सोडतं. नवा निकाल पुढच्या मेलला लागू होतो. म्हणून आतली चूक दुरुस्त केल्यावरही लगेच तपासलं तर नकारच दिसतो, आणि माणूस 'म्हणजे ही चूक नव्हतीच' असं समजून बरोबर केलेलं पुन्हा बिघडवून ठेवतो. हे मी स्वतः केलेलं आहे.

दुसरी खोच याहून महत्त्वाची. एकदा पास झालेल्या पत्त्याचा फेरतपासणीत प्रोब नापास झाला, तर पोस्टफिक्स तो नापास निकाल लिहितच नाही. जुनी 'पास' नोंद तिची मुदत संपेपर्यंत तशीच राहते. एखाद्या अपयशाने चांगला पत्ता बुडू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. त्यामुळे आमच्याकडे जुने पत्ते ३१ दिवसांच्या नोंदीवर निवांत होते, नवे पत्ते मात्र नाणेफेकीवर. छापा पडला की पास, आणि मग महिनाभर निश्चिंती. काटा पडला की तीन तास नापास आणि मग पुन्हा नाणेफेक. 'आपोआप बरं झालं' असं जे दिसत होतं ते हे. आतल्या सर्व्हरच्या यादीत गेटवेचा आयपीव्ही६ टाकला आणि काम झालं.

याच्या उलट परिणामही ध्यानात ठेवा: नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा मेलबॉक्स आज काढला तरी गेटवे जवळजवळ महिनाभर तो पत्ता चालू समजू शकतो, आणि आतला सर्व्हर ते मेल परत फेकत राहतो.

वही वाचायची कशी? आधी 'पोस्टकॉन्फ ॲड्रेस_व्हेरिफाय_मॅप' चालवून ती कुठे आहे आणि कुठल्या प्रकारची आहे ते बघा. २.७ पासून ती डेटा डिरेक्टरीत 'व्हेरिफाय_कॅश' नावाने बीट्री प्रकारात असते; ज्या वितरणांनी बर्कली डीबी काढून टाकला तिथे एलएमडीबी. २.७च्या आधी काही सांगितलं नसेल तर ती नुसती मेमरीत असायची. 'रीस्टार्ट केलं की बरं होतं' हा जुना तोडगा त्या काळातला आहे. आता रीस्टार्टने वही पुसली जात नाही. चालू वहीवर थेट 'पोस्टमॅप' (अशा वह्या वाचायचं पोस्टफिक्सचं साधन) चालवू नका. व्हेरिफाय डीमनने तिला कुलूप लावलेलं असतं आणि तुमची आज्ञा नुसती लटकून राहते. फाइलीची प्रत दुसरीकडे काढा आणि त्या प्रतीवर 'पोस्टमॅप -एस' चालवा. प्रत्येक पत्त्यापुढे अपूर्णविरामाने तोडलेले चार भाग दिसतील. पहिला आकडा निकाल: ० म्हणजे पास, १ म्हणजे तात्पुरती अडचण, २ म्हणजे ठाम नापास. मधले दोन म्हणजे प्रोबच्या आणि निकालाच्या वेळा, सेकंदांत. शेवटी समोरच्या सर्व्हरचे शब्द, जसेच्या तसे. २ ने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळी गाळून त्यांचा फक्त शेवटचा भाग मोजलात की चित्र झटकन स्पष्ट होतं. सगळ्या ओळींत 'यूजर अननोन' असेल तर कचराच अडतोय. 'क्लायंट होस्ट रिजेक्टेड' असलेली एक जरी ओळ सापडली तरी तुम्हाला तुमचा गुन्हेगार मिळाला.

वही पूर्ण पुसायची असेल तर पोस्टफिक्स थांबवा, फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवा, सुरू करा. गर्दीच्या वेळी करू नका, कारण मग एकूण एक पत्त्याचा प्रोब नव्याने जाणार. आणि वही असलेलं पार्टिशन भरू देऊ नका. ती खराब झाली तर हातानेच निस्तरावं लागतं. गेटवे दोन असतील तर वह्याही दोन असतात. एमएक्स एकवर पास आणि एमएक्स दोनवर नापास, असं त्यामुळे घडतं, आणि पाठवणाऱ्याच्या नशिबाने कुठलाही एक मिळतो. तुमच्याकडे दोन आहेत का ते प्रश्नात नाही, पण असतील तर दोन्हींचे लॉग बघा.

'अनव्हेरिफाइड'च्या ढिगाबद्दल थोडं. पत्ता वहीत नसेल तर पोस्टफिक्स प्रोब सोडतं आणि दर ३ सेकंदांनी, मुळात ३ वेळा, निकाल आला का ते बघतं. नाही आला तर '४५०, व्हेरिफिकेशन इन प्रोग्रेस'. ताण वाढलेला असेल तर एकदाच बघतं. आतला सर्व्हर उत्तराला दहा-पंधरा सेकंद घेत असेल, म्हणजे समजा तो प्रत्येक जोडणीचं उलट डीएनएस शोधत अडकतो, तर प्रत्येक नवा पत्ता पहिल्या खेपेला ४५० खाणारच. नीट चालणारा पाठवणारा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो, तोवर निकाल वहीत असतो आणि मेल जातो. लोकांना हा फक्त उशीर म्हणून जाणवतो. अशा वेळी पोल काउंट, म्हणजे निकाल किती वेळा बघायचा तो आकडा, वाढवणं म्हणजे रोग सोडून लक्षण झाकणं. आतला सर्व्हर हळू का आहे ते बघा.

मेलबॉक्स भरलेला असणं हे एक वेगळंच प्रकरण. आत डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल आणि मेल एलएमटीपीने (एसएमटीपीचाच मेलबॉक्सपर्यंत पोचवणारा भाऊ) जात असतील, तर 'आरसीपीटी'च्याच वेळी कोटा तपासायची सोय त्यात आहे. ती चालू असली की भरलेल्या मेलबॉक्सला ५५२ ५.२.२ मिळतो. पोस्टफिक्सच्या दृष्टीने हाही ठाम नकार, आणि वहीत जुनी 'पास' नोंद नसेल तर तो वहीत उतरतो. माणूस दहा वाजता जुने मेल काढून जागा करतो आणि एक वाजता ओरडतो की अजून मेल येत नाहीत. तीन तासांचा हिशेब वर दिलाच आहे. डव्हकॉटमध्ये कोटा भरल्याचा नकार तात्पुरता करता येतो. पडताळणी वापरणाऱ्याने तो तात्पुरताच ठेवावा, असं माझं मत.

नापास होण्यापेक्षा खोटं पास होणं शोधायला अवघड, कारण तक्रार कुणी करत नाही. प्रोब जवळच्या सर्व्हरपर्यंतच जातो. मध्ये रिलेहोस्ट (मेल घेऊन पुढे देणारा सर्व्हर) असेल आणि तो आंधळेपणाने सगळं घेत असेल, तर सगळे पत्ते पास. पाइपने एखाद्या स्क्रिप्टला मेल देत असाल तर पोस्टफिक्स स्क्रिप्ट चालवून बघत नाही, पास म्हणून मोकळं होतं. आत कॅच-ऑल (कुठल्याही पत्त्यावरचा मेल घेणारा मेलबॉक्स) असेल तर बोलायलाच नको. काही सर्व्हर 'आरसीपीटी'ला होकार देतात आणि नकार 'डेटा' आदेशाच्या उत्तरात सांगतात, त्यांच्यासाठी ३.० पासून 'एसएमटीपी_ॲड्रेस_व्हेरिफाय_टार्गेट' आहे, 'डेटा' अशी किंमत द्या. तपासायला सोपी युक्ती: मुद्दाम मूर्खासारखा पत्ता रचा आणि तो नापास होतो का ते बघा. पडताळणी लावल्यावर पहिली चाचणी ही करायला हवी. बहुतेक जण फक्त खरा पत्ता पास होतो एवढंच बघतात.

एक्झिम हे दुसरं मेल सर्व्हर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे साधी 'व्हेरिफाय' म्हणजे फक्त राउटिंग जमतं का ते बघणं; समोरच्याला विचारायचं तर 'कॉलआउट' जोडावं लागतं. '-बीएच'ने नाटकी सत्र चालवून कॉलआउट तपासायला जाऊ नका, त्यात ते होतच नाहीत, '-बीएचसी' वापरा. एक्झिमच्या नोंदींच्या मुदती निराळ्या आहेत: पत्ता पास २४ तास, नापास २ तास. आणि समोरच्याने रिकाम्या पाठवणाऱ्याला नकार दिला तर एक्झिम पूर्ण डोमेनवर काट मारतं, म्हणून 'त्या डोमेनचा एकही पत्ता चालत नाही' अशी तक्रार आली की आधी ते बघा.

पाठवणाऱ्याची पडताळणी, म्हणजे 'रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_सेंडर', तुम्ही लावलेली नाही हे उत्तम. कुणी सुचवली तरी सरसकट लावू नका. स्पॅमवर ज्याचं नाव खोटं टाकलंय त्या बिचाऱ्याच्या सर्व्हरवर तुमचे प्रोब आदळतात, आणि काही ब्लॉकलिस्टा एवढ्यासाठीच तुमचा आयपी टाकतात. स्वतःच्या ताब्यातल्या आतल्या सर्व्हरला विचारणं आणि जगातल्या परक्या सर्व्हरांना विचारत फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्या जागी मी असतो तर आज नकाराचा कोड ५५० वरून परत ४५० केला असता, म्हणजे शोध चालू असताना चुकून अडलेला मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबेल, मरणार नाही. मग त्या ओळीच्या आधी 'वॉर्न_इफ_रिजेक्ट' लावलं असतं. त्याने प्रोब जातात, वही भरते, लॉगमध्ये इशारा पडतो, पण कुणाचा मेल अडत नाही. फक्त ते काढायची तारीख कुठेतरी लिहून ठेवा, कारण तेवढा काळ कचराही आत येणार. एक-दोन दिवसांनी वहीची प्रत काढून २ च्या ओळी वर सांगितल्याप्रमाणे मोजल्या असत्या. शेवटच्या भागात 'यूजर अननोन'शिवाय काही दिसेनासं झालं की मग पुन्हा ५५०.

आणि एक आगाऊ प्रश्न: आतल्या सर्व्हरची यूजर यादी एलडॅपमध्ये (खात्यांची मध्यवर्ती नोंदवही) किंवा डेटाबेसमध्ये असेलच ना? ती गेटवेला वाचता येत असेल तर 'रिले_रिसिपियंट_मॅप्स'मध्ये थेट जोडा आणि पडताळणी काढूनच टाका. फक्त उपनावं आणि गटांचे पत्ते त्या क्वेरीत विसरू नका. जमत नसेल तर प्रोबच्या तीन-चार पूर्ण ओळी पाठवा, क्यू मॅनेजरच्या ओळीपासून 'स्टेटस'पर्यंत, रिलेच्या आयपीसकट. नकाराच्या ओळी नकोत, त्या मी पाहिल्यात.